कर्मचाऱ्याने मेल उडवला तरी तो राहावा कसा

परचेसचा माणूस राजीनामा देऊन गेला आणि जाता जाता दोन वर्षांचे मेल उडवून गेला. सातपूरच्या तुमच्या मेल सर्व्हरवर (पोस्टफिक्स मेल पाठवतो-घेतो, डव्हकॉट तो साठवून लोकांना दाखवतो) डिलीटच बंद करता येईल का, असा तुमचा प्रश्न.

येतं. डव्हकॉटच्या एसीएलमधून, म्हणजे कोणाला काय करता येईल त्या यादीतून, 'टी' (पुसण्याची खूण करणं) आणि 'ई' (कायमचं पुसणं) हे दोन अधिकार काढले की झालं. अंबडच्या एका कारखान्यात मी हौसेने केलं होतं. तिसऱ्या दिवशी गुपचूप परत फिरवलं. मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणं म्हणजे आयमॅपच्या (सर्व्हरवरच ठेवून मेल वाचायच्या पद्धतीच्या) लेखी प्रत करून मूळ पुसणं, त्यामुळे कोणाला साधे मेल लावून ठेवता येईनात. ड्राफ्ट सेव्ह होताना जुना पुसला जातो, तो जाईना. एकेका कोटेशनचे वीस-वीस ड्राफ्ट साचले. गंमत म्हणजे ज्या मेलसाठी हा खटाटोप, ते कोणी उडवलेच नव्हते! स्टोअर विभागाच्या आउटलुकमध्ये पॉप खातं (मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरवून घेणारं) होतं, 'सर्व्हरवर प्रत ठेवा'ची टिक काढलेली. मेल त्या पीसीवर उतरून बसले होते. तुमच्याकडेही आधी हे बघा.

तेव्हा लोकांना खुशाल पुसू द्या. पोस्टफिक्समध्ये ऑल्वेज-बीसीसीची एक ओळ टाका, म्हणजे आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची प्रत वेगळ्या खात्यात पडेल. फक्त परचेस-सेल्सचे हवे असतील तर सेंडर-बीसीसी-मॅप्स (पाठवणाऱ्यानुसार) आणि रेसिपियंट-बीसीसी-मॅप्स (घेणाऱ्यानुसार) आहेत. एक खोच आहे: पोस्टफिक्स २.३ पासून या प्रतीचा बाउन्स (मेल पोचला नाही ही सूचना) मूळ पाठवणाऱ्याकडे जात नाही. खातं भरलं तर प्रती गळत राहतील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. त्या खात्यावरची जागेची मर्यादा (कोटा) काढून टाका, डिस्कवर अलार्म लावा, पासवर्ड मालकांकडे द्या.

चुकून पुसलेल्यांसाठी डव्हकॉटचं लेझी-एक्सपंज प्लगिन लावा. पुसलेला मेल आडोशाच्या फोल्डरमध्ये जातो, ९० दिवसांनी साफ करायचा.

पुढेमागे मायक्रोसॉफ्ट ३६५ घेतलंत तर पुसलेले मेलही राखून ठेवायला लिटिगेशन होल्ड आहे, गूगल वर्कस्पेसला त्यासाठी व्हॉल्ट; दोन्ही सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये मिळत नाहीत.

प्रती ठेवतोय हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवा. मेल कोर्टात दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलांना विचारून घ्या.

आणि गेलेल्या माणसाचा लॅपटॉप फॉरमॅट करून नव्या मुलाला देऊ नका. आधी त्यात पीएसटी फाइल (आउटलुक पीसीवर मेल साठवतं ती) शोधा.