फादरना आत्ता बोलावू की मागाहून?

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतली. सासर कॅथलिक आहे. मी लग्नानंतरही हिंदूच राहिले आणि त्यावरून घरात कुणी कधी टोचलं नाही. नवरा जहाजावर असतो. सासूबाईंना कॅन्सर आहे. आता उपचार नाहीत, घरीच सांभाळा, असं सांगून डॉक्टरांनी पाठवलं. त्या शुद्धीत आहेत, बोलतात, थोडी पेज घेतात. मला दोनदा म्हणाल्या, “पाद्रीक बोलव गो, माका कुमसार करूचा आसा.” कुमसार म्हणजे फादरपाशी पापांची कबुली. वसईची नणंद म्हणते, “एवढ्यात नको. फादर तेल घेऊन आलेले बघून आई धसका घेईल. शुद्ध हरपली की बोलावू.” मी बोलावलं आणि चार दिवसांत काही झालं, तर बोल मलाच लागणार. शिवाय काय मांडायचं, मी खोलीत थांबायचं का, कुंकू पुसायचं का, काहीच कळत नाही. – एक सून

उत्तर: ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगंच करते. फोन आजच कर. दुखणं सासूबाईंचं, कुमसार त्यांचा, आणि मागणीही त्यांचीच. घरातल्या बाकीच्यांनी त्यावर मतं घेत बसण्यासारखं यात काही नाही.

नणंदेला मी दुष्ट ठरवणार नाही. लांब राहणाऱ्या लेकीला फोनवर आईचं फक्त दुखणं ऐकू येतं, म्हणून ती जे थोपवता येईल ते थोपवू बघते. तिची भीती घरातूनच आलेली असणार. तिच्या आजीच्या काळी हे तेल लावत ते माणूस जायला टेकलं की. ‘शेवटचं तेल’च म्हणायचे त्याला. डोळे, कान, नाक, ओठ, हात, असं सगळीकडे लावायचे. पण १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितलं की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्या माणसासाठी नाही. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी रीतही सुटसुटीत केली. आता कपाळाला आणि हातांना तेल लावतात. मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेतात, म्हातारपणाने अंग खचलं तरी घेतात. दुखणं वाढलं तर त्याच दुखण्यात पुन्हा घेता येतं. मुळात बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय ते हेच, की कुणी आजारी असेल तर मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

तुझ्या वाडीतल्या लोकांचा घोटाळा वेगळा आहे. आपल्याकडे गंगाजल आणि तुळशीचं पान तोंडात घालतात ते अगदी अखेरीला. त्यामुळे दारात फादरची मोटारसायकल दिसली की शेजारीण मनातल्या मनात तुळशीपाशी जाऊन पोचते. विचारलं तर सांग, आजाऱ्यासाठी प्रार्थना आहे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरही चालू आहेत. तेवढं पुरे.

आता नणंदेच्या ‘शेवटी बोलावू’चं बघ. शुद्ध हरपल्यावरही फादर तेल लावतात, माणसाची तशी इच्छा असणार हे धरून. पण बेशुद्ध माणूस कुमसार कसा करणार? कम्युनियन, म्हणजे फादर देतात ती पवित्र भाकर, कसं गिळणार? सासूबाईंनी नेमकं जे मागितलंय, तेच थांबण्यात हातचं जाईल. आणि माणूस गेल्यावर हा संस्कार देत नाहीत, नुसत्या प्रार्थना होतात. त्यात पावसाचे दिवस. ओढ्याला पाणी आलं तर फादरनी यायचं कसं? सिंधुदुर्गचा धर्मप्रांत २००५ मध्ये वेगळा झाला, तरी एकेका फादरच्या वाट्याला लांबलांबच्या वाड्या आहेतच. मध्यरात्री धावाधाव करण्यापेक्षा दिवसाउजेडी ठरवून आलेले बरे.

धसक्याचं म्हणशील, तर घरी कशाला पाठवलंय हे सासूबाईंना कळलेलं नाही, असं तुला खरंच वाटतं? त्यांनी स्वतःहून कुमसार मागितला, यात काय ते आलं.

नणंदेला तू समजावू नकोस. ते काम तुझ्या नवऱ्याचं. जहाजावर रेंज मिळेल तेव्हा त्याने बहिणीला सांगायचं, “आईने मागितलंय, अमुक दिवशी फादर येतायत, येतेस का?” दिवस कळवायचा, परवानगी मागायची नाही. आली तर सोन्याहून पिवळं. नाहीच जमलं तर प्रार्थनेच्या वेळी व्हिडिओ कॉल लाव, फादरना आधी विचारून. पुढे कुणी बोट दाखवलंच, तर निर्णय मुलाचा आणि मागणी आईची होती, हे बहीणभावांत आधीच बोलून झालेलं असेल.

फादरशी बोलताना सांग, काय आजार आहे, शुद्ध कशी आहे, गिळता येतं का, उलट्या होतात का. दुखण्याच्या गोळीने गुंगी येत असेल तर त्या जास्त जाग्या असतात ती वेळ सांग. घन काही उतरत नसेल तर आधीच बोल. कम्युनियनचा अगदी कणभर तुकडा पाण्याबरोबर चालतो. तोही जात नसेल तर नुसता द्राक्षारस देता येतो, पण त्याची तयारी फादरना करावी लागते. कम्युनियन आणायला चर्चने नेमलेले साधे लोकही येतात. कुमसार आणि तेल मात्र फादरच. तेव्हा कोण येणार ते विचारून घे.

खाटेजवळ छोटं टेबल, त्यावर पांढरा कपडा, घरातला क्रूस, मेणबत्ती, ग्लासभर पाणी आणि चमचा. ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवायची नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही, हा नियम आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्यांना लागू नाही, म्हणून पेज किंवा गोळी चुकवू नकोस.

कुमसाराच्या वेळी सगळ्यांनी बाहेर जायचं, नणंद आली असेल तर तिनेही. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात, म्हणून नुसतं दार लोटून भागणार नाही. सरळ खळ्यात जाऊन बसा. काय बोलणं झालं ते फादर कुणाला सांगू शकत नाहीत, आणि सासूबाईंनाही नंतर विचारायचं नाही. मग आत बोलावतील, तेव्हा तूही जा. कम्युनियन तुला घेता येणार नाही, पण त्यांच्या उशाशी बसायला, हात धरायला, उशी सारखी करायला कुणाची आडकाठी नाही. त्यांना रोज भरवणारी तूच आहेस, चमचाभर पाणी कसं पाजायचं हे फादरपेक्षा तुला जास्त कळतं.

कुंकू राहू दे. फादर आजारी माणसाला भेटायला येतायत, तुझी परीक्षा घ्यायला नाही.