रविवारची टेस्ट चुकवू नकोस

बाळ,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला. रूमवर सगळं येतं आणि पेपर हातात आला की ब्लँक होते, असं लिहिलंयस, त्यावर बोलूच, पण मला जास्त काळजी वाटली ती शेवटच्या ओळीची, की गेले दोन रविवार पोट दुखतंय सांगून तू मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या सराव टेस्टला गेलीच नाहीस.

पोट खरंच दुखलं असणार, तू खोटं बोललीस असं मी अजिबात म्हणत नाहीये. सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टिम, म्हणजे घाबरल्यावर शरीराला तयार करणारी यंत्रणा, बायोलॉजीत शिकलीयस ना, तेच आहे हे, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, धडधडतं, हात गार पडतात, पचन मंदावतं. यात आजार काही नाही, शरीर तयारीला लागलेलं असतं, आणि थोडी धडधड तर पेपरला हवीच.

ब्लँक व्हायला होतं ते जास्त करून डोक्यातल्या काळजीमुळे. आपल्या वर्किंग मेमरीत, म्हणजे विचार करताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवायच्या डोक्यातल्या जागेत, एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. रोटेशनल मोशनचा प्रश्न घेतलास की टॉर्क, मोमेंट ऑफ इनर्शिया, वरचं आकडेमोडीचं उत्तर हे सगळं एकदम धरून ठेवावं लागतं, आणि नेमकं त्याच जागेत 'हे वर्ष पण गेलं तर', 'पप्पांनी लातूरच्या क्लासची फी कशी भरली असेल', 'बाजूची मुलगी पान उलटतेय', हे सगळं घुसतं. म्हणूनच तुला बायोलॉजी बरी जाते आणि फिजिक्सला अडकतेस, म्हणजे फिजिक्स येत नाही असं नाही, फिजिक्सला ही जागा जास्त लागते.

आता टेस्ट चुकवण्याचं. त्या सकाळी नाही जायचं ठरल्यावर एकदम हायसं वाटलं असेल ना? मला भीती त्याच हायसं वाटण्याची आहे, कारण त्यातून मेंदू एवढंच शिकतो की टाळलं की सुटका, आणि पुढचा रविवार आणखी अवघड होऊन बसतो. भीती गेली की टेस्ट देईन असं तू म्हणतेस, पण ती अशी आधी जात नाही गं, टेस्ट देत देतच कमी होते.

आणि रूमवर सगळं येतं हे पण जरा तपासून बघ. नोट्स समोर असताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर आठवून लिहिणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यावर प्रयोग केले होते, पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे होती, पण आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं ते पुस्तक मिटून आठवत बसलेल्यांच्या. तेव्हा चॅप्टर झाला की वही बंद कर आणि आठवेल ते लिहून काढ, आधी खूप कमी आठवेल, तरी चालेल.

मॉक टेस्ट रूमवर दिलीस तरी दुपारी दोन ते पाचच दे, नीटची वेळ तीच आहे, जेवण झालेलं, बाहेर ऊन. हातात घड्याळ नको, तिथे घालू देत नाहीत, भिंतीवरचं बघायची सवय लाव. ज्या कपड्यांत जाणार, ज्या चपला घालणार, त्याच घालून बस, म्हणजे त्या दिवशी नवीन गोष्टी कमी उरतील.

पेपरात ब्लँक झालंच तर पेन खाली ठेव आणि श्वास घेतेस त्यापेक्षा सावकाश सोड, घेताना चार आकडे, सोडताना सहा-सात, असं पाच-सहा वेळा, त्याने धडधड उतरते. मग तो प्रश्न सोडून पुढे जा, राहिलं त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ७२० पैकी ४ मार्कांचा प्रश्न आहे तो, पण १८० मिनिटांत १८० प्रश्न असताना त्याच्याशी पाच मिनिटं झगडलीस तर पाच प्रश्नांचा वेळ गेला. सुरुवात बायोलॉजीनेच कर. निघण्याआधी दहा मिनिटं मनातली सगळी भीती कागदावर लिहून काढ, २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात जास्त घाबरणाऱ्या मुलांना याचा फायदा झालेला दिसला होता, सगळ्यांना होईलच असं नाही पण करून बघायला काही जात नाही.

झोपेचं मात्र मी ऐकून घेणार नाही. दीडला मेसेज करणारी मुलगी सकाळच्या लेक्चरला काय ऐकणार? आणि रात्र-रात्र झोप नसेल, जेवण जात नसेल, किंवा आपण नसलेलंच बरं असा विचार एकदा जरी आला, तर टेस्ट वगैरे सगळं बाजूला ठेव आणि लगेच आईला आणि मला सांग, अर्ध्या रात्री फोन कर. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फ्री आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

या रविवारी टेस्टला जा. पोट दुखलं तरी जा, पेपर अर्धा सुटला तरी पूर्ण वेळ बसून ये. संध्याकाळी मला फोन कर, मार्क नको सांगूस, कुठल्या प्रश्नाला अडकलीस आणि तिथून पुढे कशी गेलीस तेवढं सांग.

तुझी मॅडम