पिल्लं सांभाळणारा केसाळ ड्रॅगन

“मॅडम, सहा वर्षांची झाली तरी ही ड्रॅगनशी बोलते. डोक्यात काही बिघाड तर नाही ना?”

ड्रॅगनच्या जागी कधी परी असते, कधी वाघ, कधी नुसताच ‘तो’. पण आईबाबांची ही काळजी माझ्याकडे वारंवार येते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सवंगडी होता. त्यात जिवंत समजून वागवलेल्या बाहुल्याही धरल्या आहेत. एकलकोंडी, बुजरी मुलंच असं करतात, हा समजही खरा नाही.

या मुलीच्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) ड्रॅगनचं नाव भुरू. मी कागद पुढे केला तर तिने लगेच काढून दाखवला. अंगभर तपकिरी केस. खवले का नाहीत, असं विचारलं, तर म्हणाली, “पिल्लांना टोचतात ना!” अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं त्याच्या पोटाशी बसतात. शिंक आली की भुरू तोंड भिंतीकडे करतो, नाहीतर जाळ निघेल. मग माझा चेहरा बघून तिनेच मला धीर दिला, “तो खराखुरा नाहीये हं, काकू.”

बहुतेक मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. शंका मोठ्यांनाच असते.

मी विचारलं, “भुरू झोपतो कधी?”

“झोपतच नाही. झोपला तर पिल्लू खाली पडेल.”

घरात तिचा भाऊ चार महिन्यांचा होता, हे आईने आधी ओझरतं सांगितलं होतं. आता नीट विचारल्यावर कळलं, की आंघोळीला जाताना वगैरे आई तिला म्हणायची, “बाळाकडे लक्ष ठेव हं, पडेल तो.” मोठ्यांच्या लेखी ती दहा मिनिटांची गोष्ट. पोरीने ती कायमची नोकरी समजून घेतली होती. रात्री उठून ती पाळण्याजवळ जायची, आणि घरच्यांना तो मत्सर वाटत होता!

बाबांनी “ड्रॅगन-बिगन काही नसतं, खोटं बोलायची सवय लागेल” म्हणून दटावलं, तेव्हा भुरू पांघरुणात गेला, कुजबुज वाढली. आजी दुसऱ्या टोकाला. भुरूचं ताट मांडायला लागली, त्यावर नात चिडली. तिचंही बरोबरच होतं. खेळ तिचा, मग भुरूला भूक लागली की नाही हे आजीने का ठरवायचं?

मी घरच्यांना भुरूला हात लावू नका म्हटलं. विषय तिने काढला तर “आज पिल्लांचं काय चाललंय?” एवढंच विचारा आणि ऐका. बाळाजवळ तिला एकटं ठेवू नका. आणि आईबाबा दोघांनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगा, “बाळाला सांभाळणं आमचं काम आहे. तू त्याची ताई आहेस, खेळायचं तेवढं खेळ.” एकदा सांगून भागत नाही, निजताना पुन्हा सांगा.

काही आठवड्यांनी आली तेव्हा बातमी तिनेच दिली. भुरूची रात्रपाळी बंद झाली होती. “रात्री पिल्लांचे आईबाबा येतात.” ती स्वतःही बऱ्यापैकी सलग झोपायला लागली होती.

बाबांना अजून एक विचारायचं होतं, “पण हा जाणार कधी?” असे सवंगडी बहुधा वयाबरोबर आपोआप मागे पडतात, हाकलावे लागत नाहीत. मात्र मूल त्या सवंगड्याला घाबरत असेल, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो असं म्हणत असेल, खेळ थांबवताच येत नसेल, किंवा खाणं, झोप, इतर मुलांत मिसळणं सुटत चाललं असेल, तर वाट न बघता बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.