सेन्सर आधी दुधात बुडवून बघ

अगं, इंदूरच्या लॅबमध्ये बायोसेन्सरचं, म्हणजे खाण्यापिण्यातले जीवाणू हुडकणाऱ्या उपकरणाचं, काम सुरू करते आहेस, तर पहिलं सांगणं हे: बफरमधल्या सुंदर आलेखावर भाळू नकोस. स्वच्छ द्रावणात जवळपास प्रत्येक सेन्सर चालतो. खरी परीक्षा सुट्या दुधात, सराफा बाजारातल्या दाट, दुधाच्या शिकंजीत होते. तिथली चरबी आणि प्रथिनं इलेक्ट्रोडवर चिकटतात, अँटिबॉडीला, म्हणजे ठरावीक जीवाणू पकडणाऱ्या प्रथिनाला, जीवाणूपर्यंत पोचू देत नाहीत, आणि संकेत मिळतो तो भलत्याच गोष्टीचा. म्हणून सुरुवातीपासूनच दुधाचा नमुना घे. चुंबकीय कणांवर अँटिबॉडी बसवून जीवाणू आधी वेगळे काढ. मला तर सेन्सरपेक्षा ही पायरीच महत्त्वाची वाटते.

‘१० मिनिटांत निकाल’ हे वाक्य जपून वापर. साल्मोनेला या जीवाणूचा निकष साधारणपणे २५ ग्रॅम अन्नामध्ये एकही नको, असा असतो. बऱ्याच सेन्सरना मात्र मिलिलिटरमागे हजारभर तरी जीवाणू लागतात. म्हणून नमुना पेप्टोन पाण्यात, म्हणजे जीवाणू वाढवणाऱ्या द्रवात, ३७ अंशांवर रात्रभर वाढवावा लागतो. तरीही नेहमीच्या कल्चरला, म्हणजे जीवाणू वाढवून ओळखण्याला, लागणाऱ्या ३ ते ५ दिवसांपेक्षा हे कितीतरी लवकर होतं. तेवढ्या दिवसांत दूषित मावा किती लेकरांच्या पोटात गेलेला असेल, विचार कर.

आणखी एक. उकळलेल्या दुधातले मेलेले जीवाणूही अँटिबॉडी पकडते, तेव्हा मारलेल्या जीवाणूंचा नमुना सोबत ठेवच. कल्चरची समांतर तपासणी सोडू नकोस. आणि मे महिन्यात वीज गेली, की आधी अँटिबॉडीचा फ्रिज बघ.