ब्रँड इन्स्पेक्टरची फी आणि अडलेल्या दोन घोड्या

कोलोरॅडोतल्या एल्बर्ट काउंटीतून एका वाचकाचे पत्र आले आहे. दोन वर्षे आठ महिन्यांपूर्वी त्यांनी मुलीसाठी दोन घोड्या घेतल्या. पैसे फोनवरून पाठवले, कागद केला नाही. आता नोकरी टेक्ससला लागली आहे, त्यामुळे एक घोडी विकायची आणि दुसरी सोबत न्यायची आहे. गिऱ्हाइकाने ब्रँड इन्स्पेक्शनचे, म्हणजे जनावरावरचा मालकीचा डाग (ब्रँड) तपासल्याचे सरकारी सर्टिफिकेट मागितले आणि इन्स्पेक्टरने आधीच्या मालकाची बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीचा सही केलेला कागद. वाचक विचारतात: ‘घोड्यांवर डागच नाही, मग तपासणी कसली? इन्स्पेक्टर सरकारने नेमायचे आणि त्यांचा पगार आमच्या फीतून काढायचा, हा छुपा करच नाही का? कोर्टात जावे का?’

अशी पत्रे मला दर वर्षी येतात. कधी घोडी असते, कधी चार गाई. राग मात्र प्रत्येक वेळी फीवरच.

कोर्टाच्या वाटेला जाऊ नका. हा वाद शंभर वर्षांपूर्वी मिटला आहे. न्यू मेक्सिकोत ब्रँडची तपासणी झाल्याशिवाय गुरांची कातडी बाहेर पाठवायला बंदी होती. रेल्वेने तपासणी न झालेला माल घ्यायला नकार दिला. व्यापारी भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1906 मध्ये हरला. गुरेचोरी रोखण्यासाठी तपासणी ठेवणे आणि तिचा खर्च फीतून काढणे, दोन्ही न्यायालयाने मान्य केले. ही तपासणी चालवणाऱ्या कोलोरॅडोच्या ब्रँड बोर्डावर गव्हर्नरने नेमलेले पाच सदस्य असतात आणि बोर्डाचा खर्च पशुपालकांच्या फीतूनच चालतो. दर जास्त वाटत असतील तर बोर्डापुढे म्हणणे मांडता येते. खटल्यात मात्र तुमचे पैसे जातील आणि त्याहून वाईट म्हणजे महिने जातील. तुमच्याकडे ते नाहीत.

तुमचे सगळे प्रकरण एका तरतुदीवर अडले आहे: गुरे-घोडी यांची मालकी बदलली की तपासणी हवी. जनावरावर डाग असो वा नसो. नावात ‘ब्रँड’ आहे म्हणून लोक फसतात. इन्स्पेक्टर डाग असला तर पाहतोच, पण मुळात तो मालकी तपासतो. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे भोवरे पाहून सौदा ठरतो. इथे सौदा ठरल्यावरही हा कागद नसेल तर तो अर्धाच राहतो. राज्याबाहेर नेतानाही तपासणी लागते, अंतर कितीही असो. म्हणजे तुमच्या दोन्ही घोड्या एकाच कागदासाठी अडल्या आहेत.

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. घर घेताना तुम्ही टायटल कंपनीचा, म्हणजे घराची मालकी तपासून देणाऱ्या कंपनीचा, कागद न् कागद वाचला असेल. जिवंत जनावर घेताना एक सहीसुद्धा घेतली नाहीत. ‘विकणाऱ्याने सांगितले नाही’ असे तुम्ही लिहिता. त्याचीही चूक आहेच, पण त्याने तुमची सुटका होत नाही.

आता वेळेचे. विकणाऱ्याने निर्वेध मालकी दिली नाही असा दावा करायचा झाला, तर कोलोरॅडोत मुदत तीन वर्षांची आहे. ती कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वाद घालता येईल. पण तुम्ही सर्वांत कडक मोजणी धरा, घोड्या ताब्यात आल्या त्या दिवसापासून. मग हातात उरतात चार महिने. म्हणून विकणाऱ्याला याच आठवड्यात गाठा. बिल ऑफ सेलवर दोघांची नावे आणि सह्या हव्यात, व्यवहाराची खरी तारीख हवी आणि प्रत्येक घोडीचे वेगळे वर्णन हवे: रंग, वय, कपाळावरचा टिक्का, पांढरे पाय. सही नोटरीसमोर करून घ्या. तारीख मागची टाकून आज सही केल्याचे लपवू नका. ‘अमुक दिवशी झालेल्या विक्रीबाबत आज लिहून देतो’ असे सरळ लिहा. त्याच्याकडे स्वतःच्या खरेदीचे सर्टिफिकेट असेल तर त्याची प्रतही मागा, कारण बहुधा इन्स्पेक्टरचा पुढचा प्रश्न तोच असेल.

मग स्थानिक इन्स्पेक्टरला आपण होऊन फोन करा आणि उशीर झाल्याचे सांगून टाका. दंड होईल की समज देऊन सोडतील, ते मी इथून सांगू शकत नाही. पण ट्रेलर हायवेवर अडवल्यावर सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरे. पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्र आणि कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीची रक्ततपासणी) वेगळी. ती झाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

विकणारा सापडला नाही किंवा सही देईना, तर पैसे पाठवल्याची नोंद, त्याचे मेसेज, तेव्हाचे फोटो आणि पशुवैद्याची बिले एकत्र करून एल्बर्ट काउंटीतला वकील गाठा. तोवर गिऱ्हाइकाकडून इसारही घेऊ नका.