'होणे' म्हणायचं असताना 'टर्न' कधी वापरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'टर्न' म्हणजे वळणे हे शाळेपासून पाठ आहे, पण इंग्रजी पेपरात ते 'होणे' या अर्थानं सारखं भेटतं. मग 'बिकम'च्या जागी ते सरसकट टाकलं तर चालेल का? सोबत तुमची तीन वाक्यं आहेत: 'माय ब्रदर टर्न्ड अ सीए', 'शी टर्न्ड फोर्टी इयर्स' आणि 'इट इज टर्निंग लेट'. तिन्ही चुकली आहेत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

या क्रियापदाचं मूळ लेथ मशीनवर आहे. लॅटिनमध्ये 'तोर्नारे' म्हणजे लेथवर फिरवून घडवणे, आणि ते आलं ग्रीक 'तोर्नोस'वरून. आपल्या आयटीआयमधला टर्नर तो हाच. पुढे अर्थ पसरत गेला, पण बदलाच्या अर्थानं 'टर्न' येतं तिथे बहुतेकदा एक गोष्ट एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेलेली असते, आणि तो फरक डोळ्यांना किंवा जिभेला कळतो. मराठीतही दिवस पालटतात, नशीब फिरतं, साक्षीदार उलटतो. आपण 'होणे' एवढं एकच क्रियापद धरून इंग्रजीकडे जातो, तिथे घोटाळा होतो.

सगळ्यात सोपा प्रांत रंगाचा. पानं पिवळी पडली, 'द लीव्ज टर्न्ड येलो'. चेहरा पांढराफटक पडला, 'ही टर्न्ड पेल'. मराठी इथे 'पडणे' वापरते, इंग्रजीला 'टर्न' किंवा 'गो' लागतं. बोलताना 'वेंट' जास्त, लिहिताना 'टर्न्ड' जास्त. हेच क्रियापद कर्म घेऊनही येतं. हळदीचा डाग पडलेला शर्ट साबणानं चोळा, डाग लालभडक होतो. भरपूर पाण्यात खळबळला की परत पिवळा. 'सोप टर्न्स द स्टेन रेड.' शाळेतल्या लिटमसचं वाक्यही याच साच्याचं, 'अ‍ॅसिड टर्न्स ब्लू लिटमस रेड'. रंगाच्या आधी 'इन्टू' नको. 'टर्न्ड इन्टू रेड' हे आपल्याकडच्या प्रयोगवह्यांत भरपूर सापडतं, ते टाळा.

दूध नासलं तर नुसतं 'द मिल्क हॅज टर्न्ड' म्हटलं तरी पुरतं, पुढे 'सावर' जोडलं नाही तरी चालतं. ते फाटून त्याचा चोथापाणी झाला असेल तर मात्र 'कर्डल्ड'. हवा आणि प्रसंगही असेच उलटतात: 'द वेदर टर्न्ड कोल्ड', 'द मार्च टर्न्ड व्हायलंट'. मोर्चाला हिंसक वळण लागलं, हे आपलं वर्तमानपत्री वाक्य इथे शब्दाला शब्द जुळतं. इतकी फुकटची सोय क्वचितच मिळते, घेऊन टाका.

आता तुमचं वयाचं वाक्य. 'शी टर्न्ड फोर्टी' एवढंच म्हणायचं, 'इयर्स' लावलं की वाक्य मोडतं. यातली खरी अडचण व्याकरणापलीकडची आहे. 'तिला चाळिसावं लागलं' याचं भाषांतर लोक बेधडक 'शी टर्न्ड फोर्टी' असं करतात. चाळिसावं लागतं तेव्हा एकोणचाळीस पूर्ण झालेली असतात, म्हणजे इंग्रजीत ती 'टर्न्ड थर्टी-नाइन'. 'टर्न्ड फोर्टी' म्हणजे चाळीस पूर्ण झाली. लग्नाच्या बायोडेटात किंवा विम्याच्या अर्जात ही एका वर्षाची गफलत चांगलीच महागात पडते. घड्याळाचंही असंच: 'इट हॅज जस्ट टर्न्ड सिक्स', म्हणजे नुकतेच सहा वाजले. हे ब्रिटिश वळणाचं आहे, अमेरिकेत असलेल्यांच्या कानावर कमी पडेल.

सीए झालेल्या भावासाठी 'बिकेम अ सीए'. शिकून, परीक्षा देऊन, टप्प्याटप्प्यानं माणूस जे होतो त्याला 'बिकम'. 'टर्न्ड इन्टू अ सीए' म्हटलं तर गौतमांच्या शापानं अहल्येची शिळा झाली, तसलं काही भावाचं झालंय असं वाटेल. (अहल्येसाठी मात्र 'टर्न्ड टू स्टोन' अगदी बरोबर. दगड, राख, बर्फ असा पदार्थ असेल तर 'टू' छान बसतं. सुरवंटाचं फुलपाखरू झालं तर 'इन्टू'च हवं.)

तरीही 'टर्न'च्या पुढे थेट नाम येतं अशी एक छोटी जागा आहे, आणि तिथे 'अ' किंवा 'अ‍ॅन' लागत नाही: 'टर्न ट्रेटर', 'टर्न इन्फॉर्मर', 'टर्न प्रोफेशनल'. बाजू बदलणं किंवा भूमिका बदलणं, एवढाच तिचा आवाका. भारतीय इंग्रजीतलं याचं ठळक उदाहरण 'टर्न अ‍ॅप्रूव्हर', म्हणजे माफीचा साक्षीदार होणे. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं २६/११ च्या खटल्यात डेव्हिड हेडलीला माफीचा साक्षीदार केलं, तेव्हा हा प्रयोग पेपरांत सतत दिसत होता. ब्रिटनमध्ये यालाच 'टर्न किंग्ज एव्हिडन्स' म्हणतात, राणी असेल तेव्हा 'क्वीन्स', आणि अमेरिकेत 'स्टेट्स एव्हिडन्स'. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या वाचकासाठी लिहीत असाल तर 'अ‍ॅप्रूव्हर' त्याला कळेलच असं धरू नका.

त्याचा जुळा भाऊ म्हणजे 'टर्न होस्टाइल'. सरकार पक्षाचा साक्षीदार कोर्टात आधीच्या जबाबावरून फिरला की मराठी बातमीत तो 'फितूर' होतो. गंमत अशी की २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये 'होस्टाइल' हा शब्दच नव्हता. ज्या पक्षानं साक्षीदार बोलावला त्यालाच न्यायालय उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी देऊ शकतं, एवढंच तिथे म्हटलं होतं. शब्द वकिलांनी आणि वार्ताहरांनी रुळवला. भाषांतर करताना 'साक्षीदार शत्रू झाला' असं लिहू नका, तो रागावलेला असतोच असं नाही. 'उलटला' किंवा 'फितूर झाला' पुरे.

याच घरातला जोडशब्द आहे 'सर्जन-टर्न्ड-अ‍ॅक्टर'. डॉ. श्रीराम लागू आधी कान-नाक-घशाचे सर्जन होते, मग पूर्णवेळ नट झाले, म्हणून हा क्रम. सुनील गावसकर 'क्रिकेटर-टर्न्ड-कमेंटेटर'. जुनी ओळख आधी, नवी नंतर. उलट लिहिलंत तर गावसकर कॉमेंट्री सोडून बॅट घेऊन उतरले असा अर्थ निघेल.

धर्माच्या बाबतीत मी सावध राहतो. 'टर्न्ड बुद्धिस्ट' व्याकरणात बसतं, पण त्यात एक बाजू सोडल्याचा सूर मोठा आणि विचारपूर्वक स्वीकारल्याचा लहान. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्याबद्दल लिहिताना 'एम्ब्रेस्ड बुद्धिझम'च लिहावं. तिथे 'टर्न्ड' मला पोरकट वाटतं. 'टर्न्ड व्हेजिटेरियन' म्हणायला हरकत नाही, त्याचं कुणाला ओझं नसतं.

तिसरं वाक्य: उशीर होतोय, 'इट्स गेटिंग लेट'. भूक, थकवा, उशीर, अंधार अशा रोजच्या, सरकत येणाऱ्या गोष्टींना 'गेट'. आजारी पडणं आणि झोप लागणं यांना 'फॉल'. टक्कल पडणं, आंधळं होणं, दिवाळं निघणं, वेड लागणं यांना 'गो': 'वेंट बॉल्ड', 'वेंट ब्लाइंड', 'वेंट बँकरप्ट', 'वेंट मॅड'. मराठीत यातल्या निम्म्या ठिकाणी 'होणे' नाहीच, पडणे, लागणे, निघणे असं प्रत्येकाचं वेगळं क्रियापद आहे. त्यामुळे ही यादी तर्कानं सोडवायला बसू नका, जोड्याच पाठ करा.

'टर्न आउट' तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. त्याला मराठीत 'निघणे' आहे. 'ही टर्न्ड आउट टु बी अ फ्रॉड', तो भामटा निघाला. इथे माणूस बदललेला नसतो, तो आधीपासून भामटाच होता, कळलं आत्ता. म्हणून कालांतरानं खरोखर बिघडलेल्या माणसाबद्दल हे वापरू नका. त्याच्यासाठी 'वेंट बॅड' किंवा 'टर्न्ड क्रिमिनल' आहे. आणि 'हाउ डिड द केक टर्न आउट?' असं कुणी विचारलं तर त्याला केक कसा जमला एवढंच विचारायचंय.