शनिवार-रविवारचा हिशोब कुणाला द्यायचा नाही

पोरी,

तुझा मेसेज रात्री बघितला. दोन दिवस घरातच होते, रस्सा केला, दोन पिक्चर बघितले, बाकी काहीच नाही, वीकेंड वाया गेला काका, आणि खाली विचारतेस की शनिवार-रविवारचा एखादा कोर्स लावू का. पुण्याच्या कंपनीतली तुझी टीम सोमवारी ट्रेकचे फोटो टाकते आणि तुला "घरीच होते" म्हणायला जड जातं, हे कळतं मला. तरी डोकं फिरलं. वाया म्हणे!

आधी रश्श्याचं. फोटोत पांढरा दिसला म्हणून विचारतो, मटण शिजवताना हळदीला हात लावला नाहीस ना? अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, वेगळी काढलीस, खसखस, तीळ, काजू भिजवून गंधासारखं वाटलंस, आणि नारळाचं दूध घातल्यावर गॅस बारीक करून ढवळत उभी राहिलीस, कारण खळखळून उकळी आली की दूध फाटतं, मग वर पाणी आणि खाली चोथा, सगळी मेहनत पाण्यात. रंग तर बरोबर आलाय, म्हणजे उभी राहिली असणारच. एवढं सगळं करून वर "काहीच नाही" लिहितेस? पुण्यातला कुठला साहेब तुझ्याकडून तेवढा वेळ फोन न बघता काम करून घेतो सांग मला.

आणि पिक्चरची लाज तर कोल्हापुरात बसून कुणी वाटून घेऊ नये. बाबूराव पेंटरांनी इथं पिक्चर काढायला स्वतः कॅमेरा तयार केला, विकत आणला नाही. 1929 ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, 1932 चा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट इथलाच, मग 1933 ला कंपनी पुण्याला गेली (पुण्याचं याड तेव्हापासूनच आहे आपल्या लोकांना). पिक्चर बघणं हे काम नसेल तर नसू दे, पण मग नीट बघ की. तू म्हणालीस दुसरा पिक्चर मेल बघत बघत बघितला. तेवढाच काय तो वाया गेला.

माझं एकच म्हणणं आहे, शनिवार-रविवारचा हिशोब कुणाला द्यायचा नाही. मी पतसंस्थेत होतो तेव्हा साहेब म्हणायचे रविवारी वसुलीला जा, माणसं घरी सापडतात. मी म्हणायचो, साहेब, मी पण घरीच सापडणार. गेलो नाही म्हणजे नाही गेलो. मॅनेजरची खुर्ची माझ्यामागून लागलेल्या माणसाला मिळाली, त्याचं दोन मजली घर झालं, आमच्या मागच्या खोलीवर अजून पत्रा आहे आणि पावसाळा आला की तुझी काकू त्या पत्र्याकडं बघते आणि मग माझ्याकडं बघते. वाईट वाटतं का? वाटतं की. पेन्शनचा आकडा बघितला की जास्तच वाटतं. पण रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत मी असायचो, कांदा मी भाजायचो, दुपारी टीव्हीसमोर पोरं माझ्या मांडीवर झोपायची. आता तीच पोरं म्हणतात बाबा गेला असता वसुलीला तर बरं झालं असतं, ते सोड. त्यांना रस्सा कुणी शिकवला ते विचार की त्यांना.

तुला पैशाची गरज असेल तर कोर्स कर, मी आडवा येणार नाही. पण सोमवारी चार लोकांना सांगायला काहीतरी पाहिजे म्हणून करणार असशील तर आधी माझ्याशी भांड. घरीच होते म्हणायचं आणि गप बसायचं. का, कशासाठी, काय मिळालं, काही सांगत बसायचं नाही. हिशोब मागणारा उद्या झोपेचापण मागेल, आणि तू देशीलपण, मला माहीत आहे तू कशी आहेस, शाळेत असताना न विचारता मार्क सांगायचीस.

पुढच्या रविवारी तांबडा कर. कांदा-लसूण मसाला घरचा संपला असेल तर काकूकडून घेऊन जा, डबा आणायला विसरू नको, मागचे दोन अजून तुझ्याकडंच आहेत. आणि कोर्सचे पैसे भरून बसली असशील तर परत मिळतात का ते आजच बघ.

तुझा काका